आत्तीची पेज

"सासूला पेज जरा जपून दे," असं कुलसुमबीनं मला वैशाखात सांगितलं होतं, आणि मी हसले होते.

कुलसुमबी बांगडीवाली. राधानगरीच्या सडकेवरनं भोगावतीकडं उतरलं की आमची वीस-बावीस घरांची वाडी लागते. तिथं ती वर्षातून दोनदा डोक्यावर पाटी घेऊन यायची. त्या दिवशी ती आमच्या सोप्यात बसून आत्तीच्या हातात बांगड्या भरत होती. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, चिमणाबाई. गेल्या वर्षी ज्या मापाची बांगडी तेल लावून, शिव्या खाऊन चढवावी लागली होती, त्याच मापाची बांगडी या खेपेला मनगटावरनं आपली आपण घसरत कोपरापर्यंत गेली. कुलसुमबीनं ती गुपचूप काढली आणि लहान माप शोधलं. ते चढवताना एक बांगडी पिचली. काच अंगठ्याच्या बुडाशी रुतली, रक्ताचा थेंब लुगड्यावर पडला. आत्ती अंगणातल्या म्हशीकडं बघत होती.

"चिमणाबाई, काच घुसली की हातात."

"व्हय?" म्हणून आत्तीनं हात उलटा करून बघितला. दुसऱ्या कुणाचा हात चुकून तिच्याकडं राहिला असावा, तसा.

जाताना पाणी प्यायला म्हणून कुलसुमबी मागच्या परड्यात आली. न्हाणीजवळ एक पसरट दगड होता, त्याच्याकडं तिनं बोट केलं. दगडाला मुंग्या लागल्या होत्या. त्या फिरत नव्हत्या. दगडाभोवती तोंडं आत करून एकजागी बसल्या होत्या.

"हितं रातचं लघवीला कोण बसतं?"

"आत्ती. का?"

"माझ्या घरवाल्याचं असंच हुतं बाई. मौलाली म्हंजे गडी कसा, शंभर किलोचं पोतं एकटा उचलायचा. मग तहान लागाय लागली. गोड तोडलं, चा फिका केला, आन तांब्या तांब्या पेज पाजली. पेज पिऊन पिऊन गेला माणूस."

"पेज पिऊन कोण मरतं, कुलसुमबी?"

"मरत न्हाय," पाटी डोक्यावर घेत ती म्हणाली, "विरघळतं."

मी कोल्हापुरात राहून बी.ए. झालेली. वाडीवरच्या बायका कशालाही काहीही म्हणतात हे मी लग्नानंतरच्या तीन वर्षांत शिकले होते. शिवाय आमच्या या डोंगराकडच्या भागात तान्ह्या पोराच्या तोंडात पहिली पेज, बाळंतिणीला पेज, तापकऱ्याला पेज. ज्याला दुसरं काही पचत नाही त्याला पेज. तांदळाच्या मूठभर कण्या आणि हंडाभर पाणी, त्यात आहे काय वाईट व्हायला? दीड वर्षाची माझी बाळी त्याच हंड्यातली पेज पिऊन गुटगुटीत झाली होती.

मिरगाच्या आधी आत्ती फारच उतरली. माझे मालक कसबा बावड्याच्या साखर कारखान्यावर फिटर होते, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. त्यांनी रजा टाकून तिला कोल्हापूरला डॉक्टरांकडं नेलं. मीही गेले. रक्तात साखर आहे म्हणाले. आत्तीनं ते ऐकून पदर तोंडाला लावला आणि ती हसली. "सणालाबी गूळ जपून वापरणारी मी, माझ्या रक्तात साखर कुणी वतली?"

डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि एक छापील कागद दिला. कागद मालकांच्या हातात न देता माझ्या हातात दिला. "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच बघायचं." त्याबरोबर निळ्या औषधाची बाटली आणि काचेची नळी. चहाचा चमचाभर औषध नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळी आणायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी झालं तर जास्त. विटेच्या रंगाचं झालं तर फार.

एसटीत मी तो कागद चार वेळा वाचला. साखर, गूळ, मिठाई बंद. भात, साबुदाणा, बटाटा, रताळं अगदी कमी.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, मी तो वाचून दाखवला. मामांचं नाव आकाराम, कानानं थोडे मंद, बोलणं मोठ्यानं.

"भात कमी? मग काय घालायचं तिला, गवात? म्हशीची वैरण हाय की पुढ्यात."

"डॉक्टरांनी सांगितलंय मामा."

"डाक्टर भात खात न्हाय व्हय?"

मी मधली वाट काढली. आत्तीच्या ताटातला भात काढून टाकला आणि त्याच्या जागी पेज दिली. सकाळी एक वाडगा, दुपारी दोन, सांजचा एक. सोमवारी तिचा उपास असायचा, त्या दिवशी साबुदाणा नको म्हणून तेव्हाही पेज. मला माझ्या हुशारीचं समाधान वाटलं होतं. कागदावर भात लिहिला होता, पेज लिहिली नव्हती.

गुळाची ढेप मी माझ्या ट्रंकेत ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. तीस वर्षं या घरच्या किल्ल्या आत्तीच्या कमरेला होत्या. एकदा सकाळी देवासमोर उभी राहून ती म्हणाली, "निवदाला गूळ पायजे." मी ट्रंक उघडून सुपारीएवढा खडा काढला, तिच्या हातावर ठेवला आणि तिथंच उभी राहिले. तिनं तो देवापुढं ठेवला, पाणी फिरवलं, हात जोडले. मग मी वाकून तो खडा उचलला आणि बाळीच्या तोंडात घातला. आत्तीचे हात तसेच जोडलेले होते.

पाऊस सुरू झाला तो थांबेचना. रोपं हातभर झाली आणि लावणी आली.

आमच्याकडं लावण पैऱ्यानं होते. आज तुमच्या शेतात सगळ्यांनी यायचं, उद्या आमच्या. ज्या घरची बाई जितके दिवस दुसऱ्याच्या चिखलात वाकेल, तितके दिवस तिच्या चिखलात दुसऱ्या वाकतील. आमचं शेत नदीकडंला, सगळ्यात शेवटी लागणारं. त्याआधी पाच घरांचे दिवस फेडायचे होते. मी एकदा गेले होते. मी लावलेली रोपं मुळासकट वर तरंगत होती आणि बायका हसून हसून चिखलात बसल्या होत्या. शिवाय बाळी अंगावर. म्हणून आत्तीच जायची. "न्हाय गेलं तर आपल्या वावरात कोण येतंय? बी.ए.ची सनद लावायची व्हय चिखलात?" एवढंच ती मला म्हणाली होती, आणि तेही हसून.

दुपारी मी बाळीला पाठीशी बांधून, वर इरलं घेऊन, पेजेचा हंडा बांधावर न्यायची. पाऊस इतका की हंड्यावर झाकण नसतं तर पेज दुप्पट झाली असती. दहा-अकरा बायका ओळीनं वाकलेल्या, पाठीवर इरली, खाली फक्त हात दिसायचे. मुठीतली रोपं सुटी करायची, चिखलात खोचायची, एक पाऊल मागं. त्या ओळीत आत्ती कोणती हे मला लांबून ओळखू यायचं. मध्येच एक इरलं वर उठायचं, मागं सरायचं, आणि त्याच्याखालचं तोंड आभाळाकडं होऊन उघडायचं. ती पाऊस पीत असायची.

मग ती बांधावर यायची आणि एका दमात तांब्याभर पाणी प्यायची. परत तांब्याभर. मग पेज.

"चिमणाक्का, भोगावती आटवशील गं," विठाबाई ओळीतनं ओरडायची. विठाबाई आमच्या शेजारची, जिभेला हाड नसलेली.

"आटवतो की. तुझ्या बापाची हाय व्हय?"

बायका हसायच्या. पण एके दिवशी हात धुवायला म्हणून विठाबाई माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ही तहान तिची न्हवं. बनी पितीया."

बनीचं नाव मला फक्त माहीत होतं. आत्तीची मुलगी, मालकांच्या पाठची. सहा वर्षांची असताना पटकीनं, कॉलऱ्यानं गेली. विठाबाईनं पुढचं सांगितलं. तेव्हा पटकीच्या माणसाला पाणी द्यायचं नाही असा समज होता. पाणी दिलं की जातं म्हणायचे. पोर दोन दिवस पाणी पाणी करत होती आणि आत्ती घागरीवर झाकण ठेवून, त्या झाकणावर हात ठेवून बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पोर गप झाली.

"आता आईच्या तोंडानं पितीया," विठाबाई म्हणाली. "उतारा टाकाय पायजे."

मी घरी येऊन चूल पेटवली आणि नळी तापवली. औषध निळं होतं, त्याच्या तळातून हिरवं उठलं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि मी चिमटा धरून बघत असताना सगळी नळी विटेसारखी झाली. सकाळीही तशीच झाली होती. आदल्या दिवशीही. गोळ्या वेळेवर, गूळ कुलपात, साखर घरातच नाही. तरी लाल.

मग माझ्या मनात शंका आली. ढेपेच्या कडेला मी नखानं एक बारीक रेघ मारून ठेवली. चार दिवसांनी पाहिली. रेघ जिथल्या तिथं. ढेप कोरलेली नाही, मुंगी नाही, चूर नाही. आणि नळी लाल.

शनिवारी मालक आले. त्यांना सांगितलं. ते दमून आले होते. "आई लपवून खात असणार. शेजारणी देत असतील." त्यांनी आईकडं न बघता विचारलं, "आई, काय खातीस गं चोरून?"

"म्या न्हाय खाल्लं काय."

"मग साखर कुठनं येतीया?"

आत्तीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिचं बोचकं सोडलं. जुनी चोळी, विड्याचा डबा, सुईदोरा, एका फडक्यात बांधलेल्या लहान पोरीच्या दोन पितळी बिंदल्या. बाकी काही नाही. तिच्या तोंडाजवळ गेले तर वास आला. गोड. केळी पिकून काळी पडल्यावर येतो तसा.

"आत्ती, खरं सांगा. तोंडाला वास येतोय."

तिनं पदर सोडून झटकून दाखवला, कमरेची चंची सोडून दाखवली, आणि मग लहान पोरासारखं तोंड उघडून माझ्यापुढं धरलं. "हितं बी बग."

मालक उठून अंगणात गेले. मी तिच्या तोंडात पाहिलं. जीभ कोरडी, मधोमध चिरलेली. बाहेर पागोळ्या धो धो गळत होत्या.

"म्या न्हाय खाल्लं," तोंड मिटून ती म्हणाली. "तिनं खाल्लं आसंल तर मला ठावं न्हाय."

"कुणी?"

तिनं वाडगा पुढं केला. "पेज दे."

आणि मी दिली.

पाचव्या घरची लावण संपली त्या दिवशी आत्ती दिवस मावळताना परत आली. उंबऱ्यावर पाय धुवून आत आली, चुलीजवळ बसली, पाय पसरले. बाळी तिच्या मांडीवर चढायला गेली आणि मध्येच थांबली. बोट दाखवून म्हणाली, "आज्जी, बाऊ."

आत्तीच्या डाव्या पायाच्या करंगळीला खेकड्याची नांगी होती. नुसती नांगी. खेकडा ती टाकून गेला होता, पण तिची पकड सुटली नव्हती. बोट काळंनिळं होऊन दोन्हीकडं फुगलं होतं. तशीच ती बांधावरनं, चिखलातनं, पाणंदीतनं अर्धा मैल चालत आली होती.

"आत्ती, दुखत नाही?"

तिनं पाय वळवून पाहिलं. "अगं बया. कवा धरलं ह्येनं?"

मी नांगी फोडून काढली. तिच्या तोंडावरची रेष हलली नाही. हळद भरून बांधताना मी बोट दाबलं, मुद्दाम जोरात दाबलं. ती बाळीला गाणं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी आमची लावण होती. बायका आल्या, आत्ती फडकं बांधलेल्या पायानंच चिखलात उतरली. मी नको म्हणाले. मामा म्हणाले, "घरधनीण बांधावर बसली तर येणाऱ्यांनी काय करायचं?" दिवस मावळायच्या आत शेत हिरवं झालं.

त्या संध्याकाळी मी परड्यात गेले तर आत्ती पायरीवर बसली होती. हातात तांब्या. एक घोट ती प्यायची आणि एक घोट समोरच्या मातीत ओतायची. माती आधीच पावसानं रबरबीत. तरी प्रत्येक घोट ओतल्यावर ती वाकून बघायची, पाणी आत गेलं का.

"एक माझा, एक तिचा," मान न वळवता ती म्हणाली. "लई दिवसांची हाय गं पोर. भागत न्हाय."

मी घरात पळाले. आणि जे केलं ते आजही कुणाला सांगवत नाही. मी बाळीच्या लघवीचे आठ थेंब नळीत घातले. उकळी आणली. औषध निळंच राहिलं. तरी त्यानंतर रोज मी दोन नळ्या तापवायची, एक आत्तीची, एक बाळीची. बाळी पाणी मागायची आणि मी तिच्या तोंडाकडं बघत बसायची. कुणाची तहान आहे ही?

मामांनाही कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी एका सकाळी मडक्यात पाणी, वर नारळ, हळदकुंकू घेऊन शिवंवरच्या उंबराखाली उतारा ठेवला. मी बी.ए. झालेली बाई, मी त्यांच्या हातात मडकं दिलं.

त्याच दिवशी नदी फुगली. सांजेपर्यंत सडकेवर पाणी आलं, वाडी तुटली. आमच्या खालच्या खोलीत तांदळाची दोन पोती होती. भिंतीतून पाणी आधीपासूनच झिरपत होतं, त्या दिवशी पाहिलं तर पोती खालून वरपर्यंत कुजली होती. वास सुटला. मामांनी ती म्हशीपुढं ओतली. वरच्या माळ्यावर नाचणी होती, कुळीथ होते. नऊ दिवस आम्ही त्यावर काढले. आत्तीला दात नव्हते चार-पाच, नाचणीची अर्धी भाकरी कुळथाच्या पिठल्यात कुस्करून ती चावत बसायची, बरोबर परड्यातली टाकळ्याची भाजी. अर्धी संपली की म्हणायची, "बास. जबडा दुखला."

तिसऱ्या दिवशी नळी नारिंगी झाली. पाचव्या दिवशी पिवळी. सातव्या दिवशी ती हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. मी पुन्हा केली. पुन्हा हिरवी.

आत्ती रात्रभर झोपली होती. पाणी मागायला उठली नव्हती. सकाळी तिनं मला विचारलं, "आज पाऊस कमी हाय का गं?" पाऊस तेवढाच होता.

"उतारा लागू पडला," मामा म्हणाले, आणि विठाबाईला हाका मारून सांगितलं. माझाही विश्वास बसला. मी मनातल्या मनात बनीला हात जोडले.

दहाव्या दिवशी सडक मोकळी झाली. मामा वरच्या गावातून पायलीभर तांदूळ घेऊन आले. आत्ती बरी झाली या आनंदात मी चांगली दाट पेज केली, वर मीठ आणि लिंबाचं लोणचं. "नऊ दिवस कोरडं खाल्लंत, आता पोटभर घ्या." ती तीन वाडगे प्यायली. घशातून पेज सरळ खाली जाताना आवाज येत होता.

दोन तासांनी सवयीनं नळी तापवली. हिरवं आलं, थांबलं नाही. पिवळं आलं. मी चिमटा खाली ठेवला नाही. नळी विटेसारखी लाल झाली.

मी तिथंच बसून राहिले. उतारा शिवंवर होता तसाच होता, मी सकाळीच पाहिला होता. गुळावरची रेघ जिथल्या तिथं. गोळ्या त्याच. घरात त्या दिवशी एकच गोष्ट नवी आली होती आणि ती माझ्या पळीतनं गेली होती. मग कागद काढला. भात, साबुदाणा, बटाटा, रताळं. मी कागदावर भात वाचला होता आणि पेजेतला भात मला दिसला नव्हता. चार वाडगे, सव्वा महिना. ज्या हातानं मी तिचं बोचकं सोडलं होतं त्याच हातानं.

दोन दिवस मी पेज बंद ठेवून पाहिलं, एकदा अर्धा वाडगा देऊन पाहिलं. मग तिला सांगितलं.

"आत्ती, बाहेरचं काही नाही. पेजच. पेजेची साखर होते पोटात. त्यानंच तहान लागते."

ती चुलीपुढं बसून राख सारत होती. "पेज तर तूच दिलीस की."

"हो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी रागाची वाट बघत होते. राख सारता सारता तिनं विचारलं, "मग ती तहान बनीची न्हवं?"

"नाही आत्ती."

"नुसती माझीच?"

"हो."

तिनं मान खाली घातली. डॉक्टरांनी आजार सांगितला तेव्हा ती हसली होती. पाय बधिर झालाय सांगितलं तेव्हा म्हणाली होती, बरं झालं, काटं टोचायचं न्हाईत. आता ती रडत होती. आवाज न करता, राखेत बोट फिरवत. मी तिच्याकडून बनीला दुसऱ्यांदा काढून घेतलं होतं, आणि मला वाटत होतं मी तिला वाचवलंय.

करंगळी तोवर काळी पडली होती. फडकं सोडलं की वास यायचा, आणि ती म्हणायची, "कुठं उंदीर मेलाय का बग." गाडीत घालून सडकेपर्यंत, तिथनं कोल्हापूर. दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, पेजेचंही. ते मला रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "नाचणीचीही साखरच होते बाई, भाकरीचीही. किती खाल्लं, चावून खाल्लं का, बरोबर काय होतं, हे बघायचं. पेजेला तर दातही लागत नाहीत." आणि मग, "पाय रोज बघा. तळवा उलटा करून बघा. त्यांना कळणार नाही."

दवाखान्यात आत्ती एकदा मला म्हणाली, "गंमत बग सुनबाई. हायती त्या बोटांस्नी काय कळत न्हाय, आन न्हाईत ती ठणकत्यात."

या गोष्टीला चार वर्षं झाली. त्यातली तीन वर्षं मी रोज सकाळी तिचा पाय मांडीवर घेऊन बघितला. अर्धी भाकरी, पालेभाजी, कुळीथ, भात मुठीएवढा. नळी बहुतेक हिरवी असायची. तिच्या अंगावर थोडं मांस आलं. पण कधी कधी संध्याकाळी ती परड्याच्या पायरीवर नुसती बसायची, हातात रिकामा तांब्या घेऊन, आणि मला विचारायची, "आज वाईच पेज देतीस? लई न्हाय." मी नाही म्हणायची. मला वाटायचं जिभेला हवी असते. एकदाच ती म्हणाली, "पेज प्यालं की येती ती. भाकरी खाऊन येत न्हाय."

गेल्या वर्षी मालकांना कारखान्याजवळ खोली मिळाली. बाळीच्या शाळेसाठी आम्ही कसबा बावड्याला आलो. आत्तीला चल म्हणून पाया पडले. "हिकडं कोण बगंल?" म्हणाली. घराचं म्हणाली असं मामांना वाटलं. मला बनी आठवली. मामांना नळी तापवायला शिकवली, पण रंग त्यांना नीट दिसत नाहीत.

काल त्यांचं पत्र आलं, कुणाकडनं तरी लिहून घेतलेलं. लावण झाली. म्हैस व्याली. तुझी सासू मजेत हाय, तोंडावर हसू हाय, दिवसभर कुणाशी तरी बोलती. पाणी तेवढं लई पिती.

माझं दुसरं बाळ बारा दिवसांचं आहे. मालक आठ दिवस सुटत नाहीत, गाळप नसलं तरी यंत्रं दुरुस्तीला उघडली आहेत. या पावसात राधानगरीची गाडी कुठवर जाते ते कुणी नक्की सांगत नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे, आणि वाचणाऱ्याला विचारते आहे. तुम्ही त्या वाटेनं जाणार असाल, तर सडकेवरनं नदीकडं उतरा, शेवटून दुसरं घर. पावणं आलं म्हणून ती उठेल, चहा टाकेल, तुम्हाला हसवेल. कशी आहेस असं विचारू नका, ती बरी आहे असंच सांगेल, आणि ते तिला खरंच वाटत असेल. तिला खाली बसवा. तिचा डावा पाय मांडीवर घ्या, उजेडाकडं करा आणि तळवा बघा. जे दिसेल ते मला कळवा.